बॉस, तुझी टर्न!

शनिवारची रात्र, कोथरूडमधला मित्राचा वन बीएचके, एक कॉम्प्युटर आणि आम्ही तिघं. एक जण माऊसवर, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतोय आणि तिसरा किचनमध्ये मॅगी टाकतोय, कारण त्याची टर्न यायला अजून वीस मिनिटं तरी आहेत. ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री’ हा गेम हॉट सीटवर असाच खेळतात. १९९९मध्ये न्यू वर्ल्ड कॉम्प्युटिंगनं तो बनवला. बाजारात आणणारी थ्रीडीओ कंपनी २००३मध्ये दिवाळखोरीत गेली, गेम मात्र ठणठणीत आहे. चाहत्यांनीच बनवलेलं ‘हॉर्न ऑफ द अबिस’ २०११मध्ये आलं आणि त्याच्या नव्या आवृत्त्या पुढेही येत राहिल्या.

नकाशावर शहरं बांधा, सोनं-लाकूड जमवा, हे सगळं ठीक. पण खरी धमाल दोन हीरो समोरासमोर आले की. स्क्रीन बदलते आणि समोर येतं १५ बाय ११ षटकोनी घरांचं मैदान. तोवर शत्रूच्या फौजेबद्दल तुम्हाला फक्त मोघम शब्द कळलेला असतो. ‘होर्ड’ म्हणजे ५० ते ९९. आता ५० निघणार की ९९, यावर तुमचा अख्खा वीकएंड अवलंबून!

बोटं किती फास्ट चालतात याला इथे शून्य किंमत. फंडा क्रमाचा आहे. ज्याचा वेग जास्त, त्याची चाल आधी. मग नवखा खेळाडू काय करतो? चाल मिळाली रे मिळाली की धावत सुटतो. मुरलेला गडी शांतपणे ‘वेट’ दाबतो. थांबलेल्यांमध्ये सगळ्यात वेगवान तुकडी फेरीच्या अगदी शेवटी खेळते आणि पुढच्या फेरीत वेगामुळे पुन्हा पहिलीच. म्हणजे लागोपाठ दोन दणके, मधे समोरच्याला श्वास घ्यायलाही वेळ नाही.

दुसरी गोम प्रतिहल्ल्याची. बहुतेक तुकड्या एका फेरीत एकदाच उलटून मारतात. म्हणून आधी एकच फुटकळ सैनिक पुढे पाठवायचा. तो बिचारा उलटा फटका खाऊन मरतो, मागून तुमची मोठी तुकडी फुकटात हात साफ करते. क्रूर आहे, पण जाम कामाचं. आणि ‘स्लो’सारखा पहिल्या पातळीचा साधा मंत्र? एक्स्पर्ट अर्थ मॅजिक असेल तर तो समोरच्या सगळ्या फौजेचा वेग निम्मा करतो. १८ वेगाचे आर्चएंजल एकदम ९ वर. ड्रॅगन जमवत बसणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कॉम्प्युटरशी खेळताना एवढं पुरतं. माणूस समोर असला की प्रकरण पर्सनल होतं.

मागच्या पावसाळ्यात मी चार आठवडे (अर्थात गेममधले) खपून फौज उभी केली होती. हा पठ्ठ्या हीरोबरोबर फक्त एक फीनिक्स घेऊन आला. वेग २१, त्यामुळे पहिली चाल त्याची. त्यानं ‘चेन लायटनिंग’ टाकलं, माझ्या तुकड्या भाजल्या आणि लगेच ‘रिट्रीट’ दाबून पसार. पळालेल्या हीरोची फौज जाते, पण तो स्वतः २५०० सोन्यात टॅव्हर्नमध्ये परत मिळतो. पुढे पुन्हा तेच, एक फीनिक्स, एक वीज, टाटा. तिसऱ्या वेळेला मी माऊस आपटला.

‘‘अगं, नियमातच आहे ना,’’ तो म्हणाला. होतंच. आठवडाभर मी त्याच्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही. पळून जाणं ही चाल की चीटिंग, यावर आमच्यात अजूनही एकमत नाही. (माझं मत सांगायलाच हवं का?)

ऑनलाइन लॉबीत घड्याळ लावून खेळता येतं, तिथे असले वाद घालायला वेळच नसतो. आमचं मात्र अजून एकच कॉम्प्युटर, एकच माऊस.

पुढच्या डावात मला नकाशाच्या कोपऱ्यात ‘शॅकल्स ऑफ वॉर’ सापडल्या. ही बेडी ज्या हीरोच्या अंगावर, त्याच्या लढाईतून कुणालाच पळता येत नाही, शरणही जाता येत नाही. ती घालताना मी त्याला मुद्दाम किचनमध्ये मॅगी बघायला पाठवलं होतं. दोन टर्ननंतर तो आला, एक फीनिक्स घेऊन. वीज टाकली, नेहमीसारखा माऊस ‘रिट्रीट’कडे नेला. बटण दबेना. त्यानं दोनदा, तीनदा क्लिक केलं आणि मग हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.