थळचा कारखाना आणि कंत्राटाबाहेरची जोखीम

मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या वार्षिक अहवालात जोखमींचं एक प्रकरण असतंच. चलनाचे चढउतार, सरकारी धोरणं, कच्च्या मालाचा पुरवठा, संगणकावरचे हल्ले, हवामान. वाचताना हे सगळं दूरचं वाटतं. अलिबाग तालुक्यातल्या थळ-वायशेतला मात्र त्यातली बरीच कलमं प्रत्यक्षात घडून गेली आहेत.

1974 मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायचं तेल सापडलं. तेलाबरोबरचा वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि त्यातून खत करायचं ठरलं. 1978 मध्ये जुन्या फर्टिलायझर कॉर्पोरेशनची फेररचना होऊन राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आपली ‘आरसीएफ’, उभी राहिली होती. ट्रॉम्बेनंतरचा तिचा दुसरा कारखाना थळला आला. मुंबईच्या इतक्या जवळ एवढा रासायनिक प्रकल्प नको, म्हणून पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, पण जागा बदलली नाही.

बदललं ते कंत्राट. अमोनियाच्या तंत्रज्ञानासाठी कॅलिफोर्नियाच्या सी. एफ. ब्राउन कंपनीची निवड झाली होती आणि जागतिक बँक कर्ज देणार होती. 1980च्या जानेवारीत इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि निर्णय फिरला. काम डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सोकडे गेलं. बँकेला हा बदल मान्य नव्हता. तिने कर्ज मागे घेतलं, तरी सरकारने प्रकल्प पुढे रेटला. ब्राउनच्या यंत्रात काही खोट निघाली म्हणून हे घडलं नाही. दिल्लीत सत्ता पालटली आणि हातात आलेलं काम गेलं. कोणत्याही अभियंत्याच्या आकडेमोडीत ही शक्यता बसत नाही. पुढे ब्राउनची मालकी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. तिची अमोनियाची पद्धत आज केबीआर या अमेरिकी कंपनीच्या नावावर विकली जाते.

युरियाचं तंत्रज्ञान इटलीच्या स्नॅमप्रोगेट्टीचं. टॉप्सोमध्ये 1972 पासून याच स्नॅमप्रोगेट्टीची निम्मी भागीदारी होती, हे लक्षात घेतलं की त्या वेळी या बदलावरून एवढा गदारोळ का झाला ते कळतं. स्नॅमप्रोगेट्टीचे भारतातले प्रतिनिधी होते ऑट्टाव्हियो क्वात्रोची. पुढे बोफोर्स तोफांच्या प्रकरणात त्यांचं नाव आलं, 1993 मध्ये ते देश सोडून गेले आणि 2011 मध्ये न्यायालयाने त्यांच्यावरचा खटला मागे घ्यायला परवानगी दिली. खटला संपला, पण भारतात स्नॅमप्रोगेट्टी म्हटलं की आजही लोकांना आधी तोफा आठवतात. तिच्या युरिया प्रक्रियेवर जगभर कारखाने चालतात, हे मागेच पडतं. मला हा त्या प्रक्रियेवर अन्याय वाटतो.

कारण यंत्र खरोखर देखणं आहे. अमोनिया कारखान्याचं हृदय म्हणजे रिफॉर्मर भट्टी. तिच्यात उभ्या नळ्यांच्या रांगा, नळ्यांत निकेलचं उत्प्रेरक. वायू आणि वाफ त्यातून आठशे अंशांच्या आसपास जातात आणि हायड्रोजन सुटतो. भट्टीच्या भिंतीला छोट्या झडपा असतात. पाळीवरचा ऑपरेटर झडप उघडून, काळी काच डोळ्यांपुढे धरून नळ्यांचा रंग पाहतो. सगळ्या नळ्या एकसारख्या केशरी असल्या की ठीक. एखादीवर उजळ पट्टा दिसला तर आतलं उत्प्रेरक थकलंय, नळी तापतेय. पुढे हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया होतो, त्याला कार्बन डायऑक्साइडची जोड देऊन युरिया. तो 133 अंशांच्या आसपास वितळतो. वितळलेला युरिया उंच मनोऱ्यात वरून थेंबाथेंबाने सोडतात, खालून हवा येते आणि जमिनीवर पोचेपर्यंत त्याचे पांढरे दाणे झालेले असतात. खांदेरी बेटाच्या वाटेवरच्या होडीतून दिसतात ते हे मनोरे.

1985च्या सुमारास उत्पादन सुरू झालं आणि यंत्राने शब्द पाळला. वायूने पाळला नाही. बॉम्बे हायचा स्वस्त वायू पुरेनासा झाला आणि आयात केलेल्या महाग वायूवर विसंबावं लागलं. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते. खर्च त्याहून कितीतरी जास्त, मधली रक्कम केंद्राचं अनुदान भरून काढतं. अनुदान उशिरा आलं की कारखान्याचा पैसा अडकतो. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे साळावला मेक्सिकोच्या एचवायएल तंत्रज्ञानावर 1993 मध्ये सुरू झालेल्या स्पंज आयर्न कारखान्याचीही हीच कहाणी. तंत्रज्ञान उत्तम, वायूची मात्र वानवा.

नवी जोखीम आणखी वेगळ्या वाटेने आली. 27 जून 2017 रोजी युरोपात पसरलेल्या एका संगणकीय विषाणूने डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलवरचं काम अडलं. क्रेन धडधाकट होत्या, पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

कंपनीच्या स्वतःच्या जोखमीला मात्र कंत्राटात जागा असते. तंत्रज्ञान पुरवणाऱ्याला हमी-चाचणी द्यावी लागते: ठरलेले दिवस कारखाना पूर्ण क्षमतेने चालवून दाखवायचा, नाहीतर दंड. त्या दंडालाही कमाल मर्यादा घातलेली असते, म्हणजे कंपनीला आपलं जास्तीत जास्त नुकसान आधीच माहीत असतं. थळ-वायशेतच्या ज्या कुटुंबांनी भातशेती दिली, त्यांच्या व्यवहारात अशी चाचणी नव्हती, मर्यादाही नव्हती. नोकरीच्या आशेवर असलेल्या प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न दशकानुदशकं रेंगाळला. कारखान्याच्या विस्ताराची नवी योजना आली की ते पुन्हा उठतात, निवेदनं देतात, जनसुनावणीत उभे राहतात, कारण व्यवस्थापनाला त्यांच्याशी बोलावंच लागतं ते तेवढ्यापुरतं.