अठ्ठावन्ननंतरचा सूर
महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून बहुतेकांना ५८व्या वर्षी निरोप मिळतो. अमेरिकेच्या जॅझ गायिका शीला जॉर्डन त्याच वयात नोकरी सोडून पूर्णवेळ गायनाकडे वळल्या. १९२८ मध्ये डेट्रॉइटला जन्मलेल्या शीलाबाईंनी मुलीला एकटीने वाढवताना दिवसा कार्यालयात टंकलेखन केले आणि रात्री गाणे जपले. त्यांनी गीते रचली, १९७८ पासून न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गायन शिकवले आणि नव्वदीनंतरही मैफली केल्या. २०२५ मध्ये, ९६ वर्षांच्या असताना, त्या निवर्तल्या.

वयपरत्वे आपला आवाज कापरा होतो. म्हणून गाणे सोडू नये. रोज थोडे गुणगुणावे, दमल्यास थांबावे. घरच्यांनी शेजारी बसून ऐकावे. मात्र घोगरेपणा चार आठवडे टिकल्यास घशाच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.