बंद घर, पडीक जमीन आणि वहिवाट

स्थावर मालमत्तेविषयी बोलताना ‘मालकी’ आणि ‘वहिवाट’ हे शब्द मराठीत बहुधा जोडीनेच येतात, परंतु कायद्याच्या लेखी त्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मालकी हा खरेदीखत, वाटणीपत्र किंवा वारसा यांतून येणारा हक्क होय, तर वहिवाट, म्हणजेच कब्जा, ही जमीन प्रत्यक्ष कोण कसतो आणि घराची किल्ली कोणाजवळ असते याविषयीची वस्तुस्थिती होय. मालक गावातच राहत असेल तर दोन्ही एकाच हाती असतात आणि त्यांतील भेद जाणवतही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले घर गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडणाऱ्या चाकरमान्याच्या बाबतीत मात्र वर्षातील अकरा महिने ही दोन्ही एकमेकांपासून दूर पडलेली असतात, आणि मागाहून उपटणारे वाद बहुधा याच अंतरातून निघतात.

अनोळखी माणसाने कुलूप तोडून घरात शिरण्याची भीती मालकाला सर्वांत जास्त वाटते, पण कोणते कलम कोणाच्या आजोबांनी लावले हे वाडीतील प्रत्येकाला ठाऊक असते अशा गावात कब्जा जातो तो बहुधा ओळखीच्या माणसाकडे, आणि तोही मालकाच्याच तोंडी परवानगीने. ‘घर बंद राहून वाळवी लागण्यापेक्षा कोणी राहिलेले बरे’, ‘जमीन पडून आहे तर करा भात’ अशी ती परवानगी असते. ती देणारा आणि घेणारा दोघेही हयात असेपर्यंत सहसा कटकट उद्भवत नाही. ती उद्भवते पुढच्या पिढीत, जेव्हा परवानगी होती हे सांगणारा कोणीच उरत नाही.

बारा वर्षे राहिले की घर राहणाऱ्याचे होते, असा समज गावोगाव आहे आणि तो अर्धाच खरा आहे. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार खासगी मालमत्तेचा कब्जा मालकीच्या आधारे परत मागण्याची मुदत १२ वर्षांची आहे, आणि ती उलटली की केवळ दावाच नव्हे तर मालकाचा हक्कही संपुष्टात येतो. परंतु ही १२ वर्षे मोजायची ती कब्जा ‘प्रतिकूल’ झाल्यापासून, म्हणजे राहणारा माणूस मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, अखंड आणि मालकाला कळू शकेल अशा रीतीने ती मालमत्ता स्वतःची म्हणून वापरू लागल्यापासून. परवानगीने राहणारा माणूस ३० वर्षे राहिला तरी, त्याने मालकाचा हक्क उघडपणे झिडकारल्याखेरीज, त्याचा कब्जा प्रतिकूल ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निकालात या तत्त्वावर तर्कविसंगत म्हणून कठोर टीका केली होती; तरीही २०२३ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८० व्या अहवालात कायदा बदलण्याची गरज नाही असेच मत दिले, त्यामुळे तो आहे तसा गृहीत धरूनच मालकाला वागावे लागते.

या संदर्भात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालेला गोव्यातील खटला उद्‌बोधक आहे. बहिणीच्या मालकीच्या घरात राहणाऱ्या भावाने आपला कब्जा कायम राहावा म्हणून दावा केला होता. न्यायालयाने तो फेटाळताना राखणदार, नोकर किंवा घराची देखभाल करणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्याला मालमत्तेत हितसंबंध प्राप्त होत नाही, असे स्पष्ट केले. अर्थात तो माणूस राखणदार म्हणून राहत होता हे दाखवता आले पाहिजे. (कोकणात ज्याला वर्षाकाठी नारळ दिला जातो तो राखणदार निराळा, त्याच्याशी लेखी करार करावा लागत नाही.) साध्या मुद्रांकावर केलेला परवाना-करार, त्यात परवानगीची मुदत, केव्हाही घर सोडण्याची कबुली आणि घरातील सामानाची यादी, आणि वीजमीटर व घरपट्टी मालकाच्याच नावे ठेवणे, एवढ्या गोष्टी कुलपापेक्षा अधिक टिकतात. एक अट त्यात आवर्जून असावी: राहणाऱ्याने कोणतेही पक्के बांधकाम करू नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे परवानगीवर विसंबून एखाद्याने स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले, तर ती परवानगी मालकाला मागे घेता येत नाही, आणि पडवीला जोडून उठवलेली चिऱ्याची खोली पुढे याच तरतुदीचा आधार घेते.

घरापेक्षा शेतजमिनीची परवानगी अधिक जोखमीची आहे, आणि हे शहरात राहणाऱ्या मालकांच्या फारसे ध्यानात येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस, तो मालकाच्या कुटुंबातील नसेल आणि मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर राबणाराही नसेल, तर सामान्यतः कूळ मानला जातो. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर निर्माण झालेल्या कुळालाही जमीन खरेदी करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी न्यायालय नव्हे, तर तहसीलदार ठरवतो. भाद्रपदात गावी आलेल्या मालकाच्या ओटीवर शेजाऱ्याने आणून ठेवलेले चार पायली तांदूळ ही आपुलकीची भेट होती की जमिनीचा खंड होता, हा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनातही येत नाही. तो वीस वर्षांनी तहसील कचेरीत येतो. कुळकायद्याने पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांना जमीन मिळवून दिली हे त्याचे मोठे काम निर्विवादच आहे, आणि म्हणूनच त्याच्या कक्षेत नकळत पाऊल टाकणाऱ्या मालकाने नंतर कायद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

सातबारा हा एक उतारा भासत असला तरी तो दोन नमुन्यांचा मिळून बनतो: गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. लांब राहणारा मालक सातवर आपले नाव पाहून निश्चिंत होतो आणि बाराकडे पाहतही नाही. वास्तविक जमीन पड आहे की तिच्यात पीक आहे हे बारावरून कळते. नोंदलेल्या माणसाखेरीज दुसराच कोणी जमीन कसताना आढळला तर तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, गाव नमुना चौदामध्ये तहसीलदाराला कळवायचे असते. २०२१ पासून पीकपाहणी मोबाईलवरून होऊ लागल्याने बारावरील पिकाची नोंद मालकाला स्वतः गावी जाऊन करता येते. हक्कनोंदीतील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जात असल्याने, फेरफाराची नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन परत येणार नाही एवढी काळजी घेणे आणि सातबारा वर्षातून एकदा तरी संगणकावर उघडून पाहणे आवश्यक ठरते.

हद्दीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कोणी राहायला येत नाही, जमीनच हळूहळू सरकते. देशावर याला बांध कोरणे म्हणतात: नांगराचे एक तास दर वर्षी बांधाला लागून घेतले जाते, वीतभर माती सुटते, पहिल्या पावसात ती खाली बसते, आणि दहा हंगामांनी हद्दीचा दगड शेजाऱ्याच्या वावराच्या मधोमध उभा दिसतो, तोही उभा राहिला असेल तर. कोकणात जांभ्याचा गडगा ढासळला की तो पुन्हा रचताना हातभर अलीकडे येतो. यावर तोंडी भांडण निरुपयोगी असते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी, लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्याची खात्री करावी आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, हाती पडताच खुणांवर पक्के खांब रोवून घ्यावेत. वाद नसताना केलेली मोजणी हीच सर्वांत स्वस्त पडते.

एवढे करूनही कोणी बळजबरीने घुसलाच तर वेळ महत्त्वाची असते. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली, कब्जा गेल्यापासून सहा महिन्यांत दावा केल्यास मालकी सिद्ध न करताही कब्जा परत मागता येतो. भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमाखाली पोलिसांत तक्रारही करता येते, परंतु तिथे घुसणाऱ्याचा गुन्हा करण्याचा किंवा धाकदपटशाचा हेतू दाखवावा लागत असल्याने पोलीस अनेकदा प्रकरण दिवाणी म्हणून परत पाठवतात. घुसलेला माणूस स्थिरावल्यानंतर मात्र मालकाने चार माणसे नेऊन त्याचे सामान बाहेर काढणे धोक्याचे असते, कारण स्थिर कब्जा, तो बेकायदा असला तरी, न्यायालयाच्या मार्गानेच काढावा लागतो, आणि सहाव्या कलमाचे तेच हत्यार मालकावर उलटू शकते.

राहता राहिली भाऊबंदकी. सामायिक सातबाऱ्यावरील एका सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने आहे असे मानले जाते, म्हणून गावी राहणाऱ्या चुलतभावाने घर वापरल्याने मुंबईकरांचा हिस्सा आपोआप बुडत नाही. खरी अडचण येते ती त्यांच्यापैकी कोणी आपला न वाटलेला हिस्सा परस्पर त्रयस्थाला विकला की. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४४ वे कलम अशा खरेदीदाराला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात इतरांबरोबर कब्जा मागू देत नाही, त्याने वाटपाचा दावा करून आपला हिस्सा वेगळा काढून घ्यावा लागतो. गावाबाहेरच्या कातळावरील काजूबागेला मात्र हे कवच नाही.