गलाई: सोन्याच्या बाजारातली बाजूची वाट
(लेखमाला: वाढता बाजार, नवे धंदे – लेखांक 6)

मागच्या लेखांकात आपण किर्लोस्करवाडी पाहिली. 1910 साली औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि तिथला लोखंडी नांगर गावोगावच्या शेतात पोचला. तिथून ईशान्येला सरकलं की विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्याकडचे माण-खटाव लागतात. या दुष्काळी पट्ट्यातून माल बाहेर गेला नाही, माणसं गेली. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू, ज्वारी-बाजरीवर वर्ष निघायचं नाही. मग घरातलं एक पोरगं परमुलखातल्या मामाच्या नाहीतर चुलत्याच्या गलाईच्या दुकानात हाताखाली जायचं. आज केरळपासून बंगालपर्यंत जिथे सराफ बाजार आहे, तिथे मागच्या गल्लीत खानापूर-आटपाडीची मराठी कानावर पडते.

गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. सोनार दागिना घासतो, कापतो, चकाकी देतो, तेव्हा सोन्याचे बारीक कण जमिनीवर, चटईवर, हात धुतलेल्या पाण्यात जातात. हा कचरा सोनार टाकत नाही, जपून ठेवतो. गलाईवाला तो घेतो, जाळतो, चाळतो, धुतो आणि टाकणखार घालून मुशीत वितळवतो. हाती आलेल्या गोळ्यात सोन्याबरोबर चांदी-तांबंही असतं. मग त्यात आणखी चांदी मिसळतात, कारण सोनं साधारण चौथा हिस्सा राहिलं तरच नायट्रिक आम्ल आतपर्यंत शिरून बाकीचे धातू विरघळवतं. तळाशी तपकिरी, मातकट भुकटी उरते. अजिबात न चमकणारी ही भुकटी पुन्हा वितळली की पिवळं, शुद्ध सोनं होतं. विरघळलेली चांदीही वाया जात नाही; त्या द्रावणात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते.

या धंद्याची गंमत त्याच्या जागेत आहे. सोन्याचा भाव चढला की लोक घरातली मोड, म्हणजे जुने दागिने, विकायला काढतात. भाव उतरला की नवे दागिने घडतात. मोड आली तरी ती आटवायची आणि तिचा टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा, घडणावळ वाढली तरी कचरा वाढतो. दोन्हीकडून काम गलाईवाल्याकडेच. आखाती देशांतला पैसा घरी येऊ लागल्यावर केरळात सोन्याची खरेदी वाढली. 1990 मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि पुढे शहरागणिक मध्यमवर्गाच्या हातात पैसा खेळू लागला. सराफी पेढी काढायला लागणारं भांडवल दुष्काळी गावातल्या माणसाकडे नव्हतं. भट्टी, मूस, तराजू आणि आम्ल एवढ्यावर गलाईचं दुकान मात्र उभं राहत होतं. वाढत्या बाजारात शिरताना मुख्य मालापेक्षा त्याच्या बाजूचं, इतरांना नकोसं वाटणारं काम धरावं, हे मला या लोकांकडून शिकण्यासारखं वाटतं.

खरं भांडवल पत होती. अनोळखी मुलखात सोनार आपलं सोनं परक्या माणसाच्या हाती देतो, तो शब्दावर. पोरगं काही वर्षं नात्यातल्या दुकानात राबायचं, मल्याळम किंवा तमिळ शिकायचं, बाजारात तोंडओळख झाली की शेजारच्या गावात स्वतःची भट्टी पेटवायचं.

याची किंमतही त्यांनी मोजली आहे. आम्लातून उठणारा तांबूस धूर फुप्फुसं जाळतो आणि ही कामं वर्षानुवर्षं कोंदट खोल्यांत चालली. दुसरा जाच पोलिसांचा. वितळलेल्या सोन्याची ओळख उरत नाही, त्यामुळे चोरीचा माल घेतल्याच्या संशयावरून उचललं जातं, ही गलाई बांधवांची जुनी तक्रार. त्यासाठी पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 411 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 317 आहे. सोनं कुणाकडून आलं याची लेखी नोंद प्रत्येक दुकानात असायलाच हवी. आणि नुसत्या संशयावर कष्टकऱ्याला परराज्यात फरफटत नेणं थांबायला हवं.

आता बाजार बदलतोय. जून 2021 पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. क्ष-किरणांचं यंत्र काही मिनिटांत टंच सांगतं. मोठ्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या आहेत. छोट्या भट्टीवर एकट्याने तग धरणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार.

पण हेच कसब लागणारी दुसरी जागा समोर आहे. जुन्या मोबाइल-संगणकांच्या सर्किट बोर्डांत सोनं असतं, आणि वजनाच्या मानाने ते खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी पट जास्त. देशात ई-कचरा वाढतोच आहे. मात्र 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार पुनर्चक्रण करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. धूर अडवणारी, सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा लागते. घरच्या खोलीत हे काम करणं बेकायदा आणि जीवघेणंही आहे. एकट्यादुकट्याला हा खर्च झेपणार नाही. विटा किंवा आटपाडीत गलाई बांधवांनी सहकारी तत्त्वावर एक सामाईक प्रकल्प काढला, तर झेपू शकेल. साखर आणि दूध यांत सांगली-साताऱ्याने सहकार करून दाखवला आहे. परमुलखात पैसा कमावलेली, आता परतू पाहणारी पिढी त्यात भागभांडवल घालू शकते, आणि पोराबाळांना पुन्हा दीड हजार किलोमीटर दूर पाठवावं लागणार नाही.

(पुढच्या आठवड्यात: सांगलीची हळद)