फिश अ‍ॅक्वेरियमचं दुकान टाकताय? मग आधी माशांच्या औषधाचा हिशोब शिका



अ‍ॅक्वेरियमचा व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: मासे होलसेलमध्ये कुठून घ्यायचे आणि मार्जिन किती सुटतं? तिसरा प्रश्न फार कमी जण विचारतात. मासा आजारी पडला तर काय करायचं? खरं सांगायचं तर तुमचं मार्जिन याच प्रश्नावर ठरतं.

एक साधा हिशोब करू. समजा, तुम्ही 15 रुपयांप्रमाणे 100 मासे आणले, म्हणजे 1500 रुपये गेले. आठवड्यात 30 मेले. आता उरलेले 70 मासे तुम्हाला 21 रुपयांहून जास्त किमतीला पडले. शिवाय त्यातला एखादा आजारी मासा गिऱ्हाइकाच्या घरी गेला आणि त्याच्या टाकीतले जुने मासेही मेले, तर ते गिऱ्हाईक परत तुमची पायरी चढत नाही.

म्हणून आज औषध कसं निवडायचं आणि किती टाकायचं, हे दोन्ही नीट समजून घेऊ.

1. बाटली उघडायच्या आधी पाणी तपासा

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत, कल्ले लालसर दिसतायत, खाणं सोडलंय. असं दिसलं की लगेच औषध टाकू नका. पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. नवीन टाकी, जास्त मासे, जास्त खाद्य यामुळे अमोनिया वाढतो. टेस्ट किटने अमोनिया बघा. तो शून्य असायला हवा. नसेल तर 25 ते 30 टक्के पाणी बदला, हवा वाढवा, एक दिवस खाद्य बंद ठेवा. नवीन पाणी नळाचं असेल तर त्यात अँटी-क्लोरीन टाकूनच वापरा. अमोनियावर जंतुनाशक औषध टाकलं तर फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात आणि दुखणं आणखी वाढतं.

2. लक्षण ओळखा, मग औषध निवडा

*अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, मासा दगडाला अंग घासतोय:* हा व्हाइट स्पॉट, एक परजीवी. यावर मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मेलिन असलेली औषधं मिळतात. मात्र अंगावरच्या ठिपक्यातल्या परजीवीपर्यंत औषध पोहोचत नाही. तो ठिपका गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती पाण्यात पोहायला लागली की तेव्हाच औषधाने मरतात. म्हणून एका डोसने काम होत नाही. ठिपके दिसेनासे झाले तरी पुढे तीन-चार दिवस उपचार चालू ठेवा. पाणी हळूहळू 28 अंशांपर्यंत नेलं तर हे चक्र लवकर पूर्ण होतं. फक्त गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यामुळे एअर पंप जोरात चालू हवा.

*कापसासारखा पुंजका:* जखमेवर किंवा अंड्यांवर लांब धाग्यांचा कापूस असेल तर बहुधा बुरशी. तिथे मिथिलीन ब्लू चालतं, पण वेगळ्या टाकीतच, कारण ते फिल्टरमधले जिवाणू मारतं आणि सिलिकॉनही निळं करतं.

*तोंडाभोवती पांढरट थर, पाठीवर खोगिरासारखा पट्टा:* हा दिसतो बुरशीसारखा, पण असतो कोलमनारिस नावाचा जिवाणू. बुरशीचं औषध इथे पुरत नाही. आणि व्हाइट स्पॉट समजून पाणी गरम केलं तर हा आजार उलट झपाट्याने पसरतो.

*पोट फुगलंय, खवले उभे राहिलेत:* याला ड्रॉप्सी म्हणतात. मासा वाचण्याची शक्यता कमीच असते. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. चार बाटल्या विकून खोटी आशा लावू नका.

जिवाणूंच्या आजारात अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच. अंदाजाने गोळी कुस्करून टाकायची पद्धत बंद करा.

3. डोस: टाकीच्या मापावर नाही, पाण्याच्या मापावर

बहुतेक जण इथेच चुकतात. समजा, टाकी 60 सेंमी लांब, 30 रुंद आणि 35 उंच आहे. पूर्ण टाकी धरली तर 63 लिटर होतात. पण पाणी 30 सेंमीपर्यंतच भरलंय.

60 × 30 × 30 = 54,000; त्याला 1000 ने भागलं की 54 लिटर.

त्यातून खडी आणि सजावटीचे साधारण 10 टक्के वजा करा. उरले जवळपास 48 लिटर.

बाटलीवर "10 लिटरला 1 मिली" लिहिलं असेल तर डोस झाला 4.8 मिली. 63 लिटर धरून टाकलं असतं तर 6.3 मिली, म्हणजे तीस टक्क्यांहून जास्त. नाजूक मासा तेवढ्यानेही जातो.

थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा. औषध मगभर पाण्यात मिसळून टाकीत सगळीकडे सोडा, थेट माशांवर ओतू नका.

मिठाचंही तसंच. लिटरला 2 ग्रॅम धरलं तर 48 लिटरला 96 ग्रॅम. मीठ बिनआयोडीनचं घ्या, आधी विरघळवा आणि थोडं थोडं टाका. पाण्याची वाफ झाली तरी मीठ उडून जात नाही, म्हणून नुसतं पाणी भरताना परत मीठ टाकायचं नाही. पाणी बदललं तर तेवढ्याच लिटरचं टाका.

4. औषध टाकताना हे विसरू नका

- फिल्टरमधला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. उपचार संपल्यावर औषध काढायला तोच परत लावा.
- दोन औषधं एकत्र करू नका.
- लोच, कॅटफिश अशा खवले नसलेल्या किंवा अगदी बारीक खवल्यांच्या माशांना बरीच औषधं सोसत नाहीत. लेबल वाचा आणि कमी डोसने सुरुवात करा.
- तांबं असलेल्या औषधाने कोळंबी आणि गोगलगाई मरतात.
- हातमोजे घाला. ही औषधं खाण्याच्या माशांसाठी कधीही वापरायची नाहीत.

5. दुकानाची शिस्त

नवीन माल आला की किमान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तिची जाळी वेगळी, पाइप वेगळा. सगळ्या टाक्यांना एकच फिल्टर जोडला असेल तर एका टाकीचा आजार रात्रीत सगळ्या रॅकला लागू शकतो, म्हणून ही टाकी त्या लाइनच्या बाहेर हवी. उपचार चालू असलेल्या टाकीवर "विक्रीसाठी नाही" अशी पाटी लावा आणि त्या पाटीचा मान ठेवा, समोर गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असलं तरी.

एक वही करा: तारीख, टाकी नंबर, लिटर, औषध, मिली, किती मेले. दोन-तीन महिन्यांत ही वहीच सांगेल, कुठल्या व्यापाऱ्याचा माल घ्यायचा आणि कुठला नाही.

काउंटरवर कोणी "औषध द्या" म्हटलं तर आधी चार प्रश्न विचारा: टाकीचं माप काय, पाणी कधी बदललं, नवीन मासा कधी टाकला, नेमकं काय दिसतंय? मोबाइलवर फोटो मागा. उत्तर "फक्त पाणी बदला" असं असेल तर तेच सांगा. साठ रुपयांची बाटली त्या दिवशी विकली जाणार नाही, पण पुढची टाकी, फिल्टर आणि खाद्य घ्यायला तो माणूस तुमच्याकडेच येईल.

आजचं काम: घरी किंवा दुकानात जी टाकी असेल तिचं खरं पाणी मोजा आणि तो लिटरचा आकडा कायमच्या मार्करने टाकीच्या मागच्या काचेवर लिहून ठेवा. आजार येईल त्या दिवशी हिशोब करायला डोकं शांत नसतं.