थंडीत टायरमध्ये हवा किती?
आता एक साधा प्रश्न. देवनारला दुपारी ३२ अंश तापमान असताना तुम्ही टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरलीत आणि रात्री मुक्कामाला निफाडला गेलात. पहाटे तिथं पारा ८ अंशांवर. पंक्चर नाही, तरी गेज २९च्या आसपास दाखवतो. का? हवा गार झाली की तिचा दाब उतरतो. दर पाच-सहा अंशांमागे साधारण १ पीएसआय.

मग भरायची किती? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलीय तेवढीच. पण सकाळी, गाडी काढण्याआधी, टायर गार असताना. हायवेवर पळून टायर तापला की आकडा चढलेला दिसतो. तो बघून हवा सोडू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि वेगात फुटू शकतो.