खुनांची मोजदाद आणि न्यायाचा काटा

नदीला शंभर वर्षांतून एकदा येणारा महापूर केवढा असेल, याचा अदमास घेण्यासाठी जलशास्त्रात एक सांख्यिकी पद्धत वापरली जाते. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ती शिकविली जाते. ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते एमिल युलिउस गुम्बेल हे जर्मन गणिती. पुरांचा हिशेब मांडण्याच्या कितीतरी आधी या गृहस्थांनी आणखी एक हिशेब मांडला होता आणि त्याची जबर किंमत मोजली होती. तो हिशेब होता राजकीय खुनांचा.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनीत कैसरची राजवट कोसळली व प्रजासत्ताक आले. आघाडीवरून परतलेल्या अनेक सैनिकांना व अधिकाऱ्यांना हा बदल मानवला नाही. पराभव रणांगणावर झालाच नाही, घरभेद्यांनी पाठीत खंजीर खुपसला, ही दंतकथा पद्धतशीरपणे पसरविण्यात आली. एकदा घरभेदी ठरविले की त्याला मारणे हे पाप न राहता देशकार्य ठरते. युद्धविरामाच्या करारावर सही करणारे माटियास एर्त्सबेर्गर यांचा ऑगस्ट १९२१ मध्ये खून झाला. त्यांचे मारेकरी परदेशी निसटले आणि त्यांना शिक्षा झाली ती थेट दुसऱ्या महायुद्धानंतर. जून १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांना बर्लिनच्या रस्त्यावर भरदिवसा ठार करण्यात आले. युद्धकाळात देशाच्या कच्च्या मालाची व्यवस्था उभी करणारा हा उद्योगपती ज्यू होता, एवढे मारेकऱ्यांना पुरेसे होते.

आकडे काय सांगतात?

गुम्बेल यांनी त्याच वर्षी ‘राजकीय खुनांची चार वर्षे’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात विशेषणे थोडी आणि नोंदी फार. उजव्या अतिरेक्यांनी केलेले खून ३५४, डाव्यांनी केलेले २२. उजव्यांच्या ३५४ पैकी ३२६ खुनांना कसलीही शिक्षा झाली नाही. डाव्यांच्या २२ पैकी शिक्षेवाचून सुटलेले केवळ ४. एका खुनामागे कारावासाची सरासरी काढली तर उजव्यांना चार महिने आणि डाव्यांना पंधरा वर्षे. डाव्यांपैकी दहाजणांना देहदंड झाला, उजव्यांपैकी एकालाही नाही. डाव्यांची हिंसा क्षम्य होती असे यातून कोणी काढू नये. तिला कायद्याने शिक्षा केली, हे योग्यच झाले. प्रश्न आहे तो दुसऱ्या पारड्याचा. तोच कायदा, तीच न्यायालये. मग वजन करताना काटा झुकतो कसा?

उत्तर कठीण नाही. राजा गेला होता, पण त्याच्या काळातील न्यायाधीश, सरकारी वकील व पोलीस अधिकारी आपापल्या खुर्च्यांवर कायम होते. समोरचा आरोपी त्यांना गुन्हेगार न वाटता मार्ग चुकलेला देशभक्त वाटत होता. राटेनाउ यांच्या खुनानंतर प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण तो राबविणारे हात बहुतांशी जुनेच राहिले. नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकमध्ये सशस्त्र उठाव झाला, त्यात चार पोलीस मारले गेले. सूत्रधार अ‍ॅडॉल्फ हिटलर यास न्यायालयाने पाच वर्षांची सौम्य शिक्षा दिली आणि निकालानंतर नऊ महिन्यांच्या आत तो बाहेर आला. कायद्याने तो परकीय नागरिक असूनही, त्याच्या मनोवृत्तीचा दाखला देऊन त्याला हद्दपार करण्याचे टाळण्यात आले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

या हिंसेची आर्थिक किंमतही विसरता येत नाही. राटेनाउ यांच्या खुनाच्या सुमारास एका डॉलरला तीनशेच्या वर मार्क पडत होते. वर्षअखेर हा भाव सात हजारांवर गेला. युद्धाची भरपाई आणि नोटा छापून भागविलेली तूट ही मूळ कारणे होतीच; पण ज्या देशात मंत्री सुरक्षित नाही, त्या देशाच्या चलनावर कोण विश्वास ठेवणार?

शोधाची दिशा

हे सारे जुन्या काळाचे म्हणून सोडून देता येत नाही. सन २००० ते २००७ या काळात त्याच जर्मनीत दहाजणांचे खून झाले. त्यांत आठजण तुर्की वंशाचे, एक ग्रीक व एक महिला पोलीस. नऊ खुनांत एकच पिस्तूल वापरले गेले होते. तरीही पोलीस वर्षानुवर्षे मृतांच्या आप्तांवरच संशय घेत राहिले. अमली पदार्थांचा व्यापार, तुर्की टोळ्या, एवढ्याच दिशांनी मुख्यतः शोध चालला. नवनाझींची एक गुप्त टोळी हे करीत होती, हे उघड झाले नोव्हेंबर २०११ मध्ये. त्यानंतर काही दिवसांतच गुप्तचर खात्यात संबंधित फायली नष्ट केल्या गेल्या व पुढे त्या खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. शत्रू बाहेरचाच असणार, असे गृहीत धरले की घरातला मारेकरी दिसेनासा होतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात झाला, कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. दाभोलकर खटल्याचा निकाल लागण्यास मे २०२४ उजाडले. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, अन्य तिघे निर्दोष सुटले. पुराव्यावाचून कोणालाही शिक्षा होऊ नये, हे न्यायाचे मूलतत्त्वच आहे. परंतु पिस्तूल धरणारा हात सापडतो आणि त्या हाताला बळ देणारे डोके सापडत नाही, ही स्थिती समाजाला स्वस्थ बसू देणारी नाही.

गुम्बेल यांचा शिकविण्याचा अधिकार १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने काढून घेतला. पुढच्या वर्षी नाझी सरकारने त्यांचे नागरिकत्वही काढले. त्यांचा एकही खून खोटा ठरला म्हणून हे घडले नाही. कोणी मारले, का मारले आणि शिक्षा किती झाली, हे पक्ष न पाहता नोंदविणे हाच त्यांचा अपराध. पुराच्या पाण्याची नोंद ठेवणारी मोजपट्टी उखडून टाकली म्हणून पूर टळत नसतो. लोकशाहीतील हिंसेचेही तसेच आहे. देशभक्तीचे नाव घेऊन केलेल्या खुनाचे वजन ज्या दिवशी कमी भरू लागते, त्या दिवसापासूनच पाणी चढू लागलेले असते.